थकव्याचा शोध आणि रक्ताची साक्ष

दवाखान्यात येणाऱ्या माणसांच्या तोंडी ज्या तक्रारी वारंवार असतात, त्यांत थकव्याची तक्रार फार जुनी व फार सामान्य होय. हिंदी भाषक तिला ‘कमजोरी’ म्हणतो, बंगाली भाषक ‘दुर्बलता’, तमिळ भाषक ‘सोर्वु’, तर मराठी भाषक ‘अशक्तपणा’. शब्द निराळे असले तरी अनुभव एकच असतो. रात्रीची झोप होऊनही सकाळी अंग जड वाटते, नेहमीचा जिना चढताना दम लागतो, हातातले काम अर्धवट टाकून बसावेसे वाटते. ताप तापमापकाने मोजता येतो, रक्तदाबासाठीही उपकरण आहे. थकवा मोजणारे उपकरण मात्र नाही. शिवाय थकवा शरीरातील कोणत्याही एका अवयवाकडे बोट दाखवीत नाही. रक्तातील दोष, ग्रंथींचे विकार, जंतुसंसर्ग, हृदय, मूत्रपिंड वा यकृत यांचे रोग, मनाची खिन्नता आणि अपुरी झोप या सर्वांची तक्रार रुग्ण एकाच शब्दात सांगतो.

श्रमानंतर येणारा आणि विश्रांतीने जाणारा थकवा हा विकार नव्हे. येथे विचार करावयाचा आहे तो विश्रांतीने न जाणाऱ्या व कित्येक आठवडे टिकून राहणाऱ्या थकव्याचा. त्यावर दोन प्रकारचे उपाय सर्रास केले जातात. पहिला उपाय म्हणजे कारणाचा शोध न घेता शक्तिवर्धक औषधाची बाटली आणणे, ताकदीचे इंजेक्शन घेणे अथवा सलाइन लावून घेणे. दुसरा, अलीकडे बोकाळलेला उपाय म्हणजे प्रयोगशाळेत जाऊन एकाच वेळी पन्नास-साठ तपासण्यांचा संच करून घेणे. वरवर पाहता हे दोन्ही उपाय परस्परविरुद्ध वाटतात; पण दोहोंतही मूळ प्रश्न विचारावयाचा राहून जातो. रक्त पुष्कळ काही सांगू शकते. मात्र त्याला नेमके काय विचारावयाचे हे आधी ठरवावे लागते आणि मिळालेल्या उत्तराचा पुढचा अर्थही लावावा लागतो.

सुई टोचण्यापूर्वी

कुशल वैद्य रक्त काढण्याआधी रुग्णाचे म्हणणे ऐकून घेतो. थकवा केव्हापासून आहे? तो हळूहळू वाढला की एका तापानंतर सुरू झाला? वजन घटले आहे काय? संध्याकाळी अंग कोमट होऊन रात्री घाम येतो काय? शौचास काळे होते काय? स्त्रीच्या बाबतीत मासिक रक्तस्राव किती दिवस व किती प्रमाणात होतो? आहारात काय असते आणि काय कधीच नसते? झोप किती तास मिळते, आणि झोपेत मोठ्याने घोरून श्वास मध्येच अडतो काय? कोणती औषधे चालू आहेत? सर्दी-खाजेवरील काही गोळ्या, रक्तदाबावरील काही औषधे आणि झोपेच्या गोळ्या यांमुळेही दिवसभर मरगळ राहू शकते.

त्यानंतर शरीराची तपासणी होते. डोळ्यांच्या पापणीची आतील बाजू, जीभ व नखे फिकी आहेत काय, गळ्याशी गाठ वा सूज आहे काय, नाडीचा वेग किती, प्लीहा हाताला लागते काय, हे पाहिले जाते. या पंधरा-वीस मिनिटांतून संभाव्य कारणांची लांबलचक यादी चार-पाच कारणांवर येते. त्यांपैकी कोणते खरे, हे ठरविण्यासाठी रक्ताची तपासणी करावयाची असते.

हीमोग्लोबिनचा आकडा

रक्तातील तांबड्या पेशींत हीमोग्लोबिन नावाचे लोहयुक्त प्रथिन असते. फुप्फुसांतील ऑक्सिजन उचलून तो शरीरभर पोहोचविणे हे त्याचे कार्य. ते कमी पडले की स्नायूंना व मेंदूला ऑक्सिजनचा पुरवठा अपुरा होतो, हृदयाला अधिक वेगाने काम करावे लागते आणि माणूस थकतो. या अवस्थेस रक्तक्षय म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने ठरविलेल्या मर्यादेनुसार प्रौढ पुरुषाच्या दर १०० मिलिलिटर रक्तात १३ ग्रॅमपेक्षा आणि गर्भवती नसलेल्या प्रौढ स्त्रीच्या रक्तात १२ ग्रॅमपेक्षा कमी हीमोग्लोबिन असल्यास रक्तक्षय समजला जातो. उंच प्रदेशात ही मर्यादा वाढवून धरावी लागते. लेह समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. तेथील विरळ हवेत शरीर मुळातच अधिक हीमोग्लोबिन तयार करते. त्यामुळे चेन्नईत जो आकडा निर्दोष ठरेल, तोच लेहमध्ये रक्तक्षयाचा निदर्शक असू शकतो.

स्विस वैद्य हेरमान साली यांच्या नावाने ओळखली जाणारी काचनळी अनेक दशके भारतातील लहानमोठ्या रुग्णालयांत वापरली गेली. रक्ताच्या थेंबात आम्ल मिसळून त्याचा तपकिरी रंग प्रमाण रंगाशी जुळेपर्यंत पाणी घालीत जावयाचे आणि नळीवरील खूण वाचावयाची, अशी ती पद्धत होती. तीत पाहणाऱ्याच्या नजरेवर बरेच अवलंबून असे. पुढे वॉलेस कूल्टर यांच्या पेशी मोजणाऱ्या यंत्राला १९५३ साली अमेरिकेत पेटंट मिळाले आणि हे काम क्रमाक्रमाने यंत्रांकडे गेले. आज जांभळ्या टोपणाच्या नळीतील थोड्याशा रक्तावरून यंत्र हीमोग्लोबिन, तिन्ही प्रकारच्या पेशींची संख्या आणि तांबड्या पेशींचे सरासरी आकारमान मिनिटाभरात सांगते. यालाच रक्तपेशींची संपूर्ण गणना, अर्थात सी.बी.सी., म्हणतात. थकव्याच्या शोधात हीच तपासणी प्रथम करावयाची असते.

भारतात तिचे महत्त्व विशेष आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ मधील पाचव्या फेरीत १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के आणि त्याच वयाच्या पुरुषांपैकी २५ टक्के रक्तक्षयी आढळले. हे सर्वेक्षण बोटाच्या टोकाला टोचून काढलेल्या रक्तावर आधारलेले होते. बोट दाबल्यास रक्तात ऊतकांतील द्रव मिसळून आकडा खाली येऊ शकतो, आणि शिरेतून घेतलेल्या रक्तावरील पाहण्यांत रक्तक्षयाचे प्रमाण कमी आढळले आहे. म्हणून सर्वेक्षणातील नेमक्या टक्केवारीबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत. समस्या मोठी आहे याबद्दल मात्र नाहीत.

एकच आकडा, तीन कारणे

हीमोग्लोबिन कमी आहे एवढे कळले म्हणजे निदान झाले, असा समज सार्वत्रिक आहे. तो किती अपुरा आहे हे समजण्यासाठी तीन काल्पनिक रुग्ण डोळ्यांसमोर आणावेत. पहिली आसाममधील चहामळ्यात पाने खुडणारी तीस वर्षांची स्त्री, दुसरे अमृतसरमधील बासष्ट वर्षांचे निवृत्त शाळामास्तर आणि तिसरे अहमदाबादचे पंचेचाळीस वर्षांचे शाकाहारी व्यापारी. तिघांचीही तक्रार थकव्याची आहे आणि तिघांचेही हीमोग्लोबिन ९ ग्रॅम आहे.

यानंतर पाहावयाचे ते तांबड्या पेशींचे आकारमान. प्रौढांत ते सामान्यतः ८० ते १०० फेम्टोलिटर असते. लोह अपुरे असले की पेशी लहान व फिक्या होतात. जीवनसत्त्व ब-१२ किंवा फॉलिक आम्ल अपुरे असले की त्या संख्येने थोड्या पण आकाराने मोठ्या होतात. चहामळ्यातील स्त्री व मास्तर यांच्या पेशी लहान आहेत, तर व्यापाऱ्याच्या मोठ्या. येथेच एक वाट दोन दिशांना फुटते.

पेशी लहान असल्या तरी लोहाची उणीव आहेच, असे गृहीत धरून चालत नाही. थॅलेसेमियाचे जनुक एका पालकाकडून मिळालेल्या माणसाच्याही पेशी लहान असतात. सिंधी, पंजाबी, गुजराती व बंगाली समाजांतील काही गटांत हे जनुक तुलनेने अधिक आढळते. अशा वाहक व्यक्तीला सहसा काहीच त्रास नसतो, आणि लोहाची उणीव नसेल तर वर्षानुवर्षे लोहाच्या गोळ्या घेऊनही तिच्या पेशींचे आकारमान बदलत नाही. हीमोग्लोबिनच्या निरनिराळ्या प्रकारांचे पृथक्करण केल्यास ही अवस्था ओळखता येते. हे ज्ञान पुढील पिढीसाठीही मोलाचे आहे. कारण दोन वाहकांचा विवाह झाल्यास प्रत्येक अपत्याला गंभीर थॅलेसेमिया होण्याची शक्यता चारात एक इतकी असते.

लोहाचा साठा अजमावण्यासाठी फेरिटिन या प्रथिनाचे रक्तातील प्रमाण मोजतात. प्रौढांत ते लिटरला १५ मायक्रोग्रॅमपेक्षा कमी असल्यास साठा संपला असे निश्चित म्हणता येते. फेरिटिनचा एक विशेष मात्र ध्यानात ठेवावा लागतो. शरीरात कोठेही दाह वा जंतुसंसर्ग असला की त्याचे प्रमाण वाढते, आणि त्यामुळे रिकामे कोठार भरलेले भासते. म्हणून दाह असल्यास जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी हीच मर्यादा ७० पर्यंत वर नेते. याउलट, हीमोग्लोबिन अद्याप पुरेसे असतानाच साठा आटू लागतो आणि काहींना तेव्हापासूनच थकवा जाणवू लागतो. रक्तक्षय नसलेल्या पण फेरिटिन कमी असलेल्या थकलेल्या स्त्रियांना लोह दिल्यावर निष्क्रिय गोळीच्या तुलनेत अधिक आराम पडल्याचे स्वित्झर्लंडमधील एका नियंत्रित अभ्यासात आढळले. तो २००३ मध्ये प्रसिद्ध झाला.

चहामळ्यातील स्त्री आणि मास्तर या दोघांचेही फेरिटिन ८ आहे असे मानू. लोहाची उणीव सिद्ध झाली. दोघांनाही लोहाच्या गोळ्या दिल्या तर दोघांचेही हीमोग्लोबिन काही आठवड्यांत वर येईल आणि दोघांनाही बरे वाटेल. नेमका येथेच घात होऊ शकतो.

शरीर लोह सहजासहजी गमावीत नाही. प्रौढ पुरुषाच्या शरीरातून दररोज सुमारे १ मिलिग्रॅम लोहच बाहेर पडते. साठा संपला असेल तर एक तर लोह मिळत नाही, शोषले जात नाही किंवा रक्तावाटे वाहून जात आहे. चहामळ्यातील स्त्रीच्या बाबतीत लागोपाठची बाळंतपणे, मासिक स्राव, तुटपुंजा आहार आणि अनवाणी चालण्यामुळे होणारा अंकुशकृमींचा संसर्ग ही कारणे प्रथम समोर येतात. हे कृमी आतड्याच्या अस्तराला चिकटून रक्त शोषतात. तिला लोहाबरोबर कृमिनाशक औषध हवे, आणि पायांत चप्पल व शौचालयाची सोयही हवी.

मास्तरांना मासिक स्राव नाही, बाळंतपणे नाहीत, आणि त्यांचा आहारही पूर्वीसारखाच आहे. अशा वयात पुरुषाच्या वा ऋतुनिवृत्त स्त्रीच्या शरीरातील लोह संपले असेल, तर अन्नमार्गात कोठेतरी रक्तस्राव होत असावा अशी शंका घ्यावीच लागते. तो जठरातील व्रण असेल, सांधेदुखीसाठी रोज घेतलेल्या गोळ्यांचा दुष्परिणाम असेल, किंवा मोठ्या आतड्याचा कर्करोगही असेल. रोज थोडे थोडे जाणारे रक्त डोळ्यांना दिसत नाही. केवळ लोह देऊन थकवा घालविला तर रोगाने दिलेली एकमेव सूचना पुसली जाते आणि गाठ आत वाढत राहते. वेळीच दुर्बिणीने तपासणी केली, तर हाच कर्करोग शस्त्रक्रियेने बरा होण्याची शक्यता पुष्कळ असते. उत्तर भारतातील गहू खाणाऱ्या प्रदेशांत आणखी एक शक्यता ध्यानात घ्यावी लागते. गव्हातील ग्लूटेनमुळे आतड्याच्या अस्तराची हानी होणारा सीलियाक रोग तेथे सुमारे शंभरांत एकाला असल्याचे आढळले आहे. गोळ्या नियमित घेऊनही लोह वाढत नसेल, तर या रोगाच्या विशिष्ट प्रतिपिंडांसाठी रक्त तपासतात.

मुंबईच्या गिरणी कामगार स्त्रिया आणि ल्युसी विल्स

तिसऱ्या रुग्णाकडे वळण्यापूर्वी एका संशोधनाची हकीकत सांगणे उचित ठरेल. ल्युसी विल्स या इंग्लिश स्त्री-वैद्य १९२८ च्या अखेरीस मुंबईत आल्या. तेथील कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गर्भवती स्त्रियांत तीव्र स्वरूपाचा व प्रसंगी प्राणघातक ठरणारा रक्तक्षय आढळत होता. त्यांच्या तांबड्या पेशी मोठ्या होत्या. म्हणजे हा लोहाच्या उणिवेचा प्रकार नव्हता. विल्स यांनी जंतुसंसर्गाची शक्यता पडताळून पाहिली आणि निरनिराळ्या आर्थिक स्तरांतील स्त्रियांच्या आहारांची तुलना केली. यीस्टपासून तयार केलेल्या मार्माइट या स्वस्त पदार्थाने या स्त्रिया बऱ्या होतात, असा निष्कर्ष त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केला.

त्याआधी १९२६ मध्ये अमेरिकेत मायनॉट व मर्फी यांनी घातक पांडुरोगावर यकृताचा आहार गुणकारी असल्याचे दाखविले होते. त्या कार्यासाठी व्हिपल, मायनॉट व मर्फी यांना १९३४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तथापि घातक पांडुरोग बरा करणारा शुद्ध केलेला यकृताचा अर्क विल्स यांच्या रुग्णांना लागू पडेना. दोन्ही रोगांत पेशी मोठ्या, पण उणीव वेगवेगळ्या घटकांची, हे यावरून उघड झाले. विल्स यांना सापडलेला घटक पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखला गेला, तर यकृतातील घटक १९४८ मध्ये ब-१२ या नावाने वेगळा करण्यात आला.

अहमदाबादच्या व्यापाऱ्याला हा भेद थेट लागू होतो. ब-१२ हे जीवनसत्त्व दूध, अंडी, मासे व मांस यांतून मिळते. वनस्पतिजन्य अन्नात ते जवळजवळ नसतेच. दूधही बेताचे घेणाऱ्या शाकाहारी माणसात त्याचा साठा वर्षानुवर्षे हळूहळू घटतो. पुण्यात मध्यमवयीन पुरुषांची पाहणी करून २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे दोन तृतीयांश व्यक्तींच्या रक्तात हे जीवनसत्त्व कमी आढळले. शिवाय हा व्यापारी मधुमेही असून मेटफॉर्मिन हे औषध दीर्घकाळ घेत आहे असे समजू. त्या औषधानेही ब-१२ चे शोषण कमी होते. त्याच्या तळपायांना मुंग्या येतात. येथे तपासणी न करता नुसते फॉलिक आम्ल दिले, तर रक्त सुधारते, थकवा कमी होतो. पण मज्जातंतूंची हानी चालूच राहते आणि ती कायमची होऊ शकते. म्हणून दोन्ही जीवनसत्त्वांचा विचार एकत्रच करावा लागतो.

तिघांच्या अहवालांतील पहिला आकडा सारखाच होता. एकीला कृमिनाशक औषध व लोह, दुसऱ्याला दुर्बिणीची तपासणी आणि तिसऱ्याला ब-१२ ची इंजेक्शने हवी होती. तिघांनाही शक्तिवर्धकाची एकच बाटली दिली असती, तर तिघांचेही नुकसान झाले असते.

दाह, क्षय आणि एक निषिद्ध तपासणी

नळीत उभ्या ठेवलेल्या रक्तातील तांबड्या पेशी एका तासात किती मिलिमीटर खाली बसतात, हे मोजण्याची ई.एस.आर. ही तपासणी शंभर वर्षांहून जुनी आहे. शरीरात दाह असला की रक्तातील काही प्रथिने वाढतात, पेशी एकमेकींना चिकटून जड होतात आणि लवकर खाली बसतात. सी.आर.पी. या प्रथिनाची मोजणीही याच कामी येते. या दोन्ही तपासण्या कोठेतरी दाह आहे एवढेच सांगतात. तो कोठे व कशाचा, हे सांगत नाहीत.

थकवा, मंद ज्वर, वजनातील घट आणि वाढलेला ई.एस.आर. हे चित्र भारतात क्षयरोगाची आठवण करून देते. कारण जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश या देशात आहेत. पण क्षयाचे निदान थुंकीची तपासणी, क्ष-किरण चित्र अथवा रोगग्रस्त भागातील नमुना यांवरूनच व्हावयास हवे. एकेकाळी रक्तातील प्रतिपिंडांवरून क्षयाचे निदान करणाऱ्या तपासण्या मोठ्या प्रमाणावर विकल्या जात. त्या निरोग्याला रोगी व रोग्याला निरोगी ठरवीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये त्यांविरुद्ध शिफारस केली आणि भारत सरकारने २०१२ मध्ये त्यांची आयात, निर्मिती व विक्री यांवर बंदी घातली. रक्ताला न समजणारा प्रश्न विचारला तर ते चुकीचे उत्तर देते, याचा हा बोलका पुरावा होय.

अवटु ग्रंथी, साखर आणि इतर

गळ्यातील अवटु ग्रंथी, अर्थात थायरॉइड, शरीरातील चयापचयाचा वेग ठरविते. तिचा स्राव कमी पडला की थकव्याबरोबर थंडी सहन न होणे, बद्धकोष्ठता, कोरडी त्वचा, वजनवाढ आणि मंद नाडी ही लक्षणे दिसतात. हिमाचल प्रदेशातील कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून केलेल्या प्रयोगाने आयोडीनयुक्त मिठामुळे गलगंड कमी होतो हे दाखवून दिले, आणि १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. आयोडीनयुक्त मीठ सर्वत्र पोहोचल्यानंतर प्रौढांत या ग्रंथीच्या मंदपणाचे मुख्य कारण निराळे आहे. शरीराची प्रतिकारयंत्रणाच ग्रंथीवर हल्ला करते. या विकाराचे वर्णन जपानी वैद्य हाकारू हाशिमोटो यांनी १९१२ मध्ये केले होते.

ग्रंथीची स्थिती टी.एस.एच. या तपासणीने कळते. हा स्राव मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीचा. मजूर मंदावले की मुकादमाचा आवाज चढतो, त्याप्रमाणे अवटु ग्रंथी मंदावली की टी.एस.एच. वाढतो. तो खूप वाढलेला असून थायरॉक्सिन कमी असेल, तर औषधाने माणूस अक्षरशः पूर्ववत होतो. मात्र टी.एस.एच. किंचित वाढलेला आणि थायरॉक्सिन योग्य प्रमाणात, अशी स्थिती पुष्कळांत, विशेषतः वृद्धांत आढळते. युरोपातील पासष्ट वर्षे व त्यापुढील वयाच्या अशा व्यक्तींना थायरॉक्सिन देऊन केलेल्या व २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्यांच्या थकव्यात फरक पडला नाही. अशा वेळी काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करणे आणि थकव्याचे अन्य कारण शोधणे अधिक शहाणपणाचे ठरते.

रक्तातील साखरेची तपासणी तितकीच आवश्यक होय. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. उपाशीपोटी साखर १०० मिलिलिटरला १२६ मिलिग्रॅम वा अधिक, अथवा गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दर्शविणारे एच.बी.ए.वन.सी. ६.५ टक्के वा अधिक, ही मधुमेहाची सीमा आहे. रक्तक्षयाने हा दुसरा आकडा फसवा होऊ शकतो. लोहाच्या उणिवेत तो खोटाच वाढतो, तर तांबड्या पेशी अकाली नष्ट होत असल्यास खोटाच घटतो. एका तपासणीचा अर्थ दुसरीच्या आधाराने लावावा लागतो तो असा. मूत्रपिंडांसाठी क्रिएटिनिन, यकृतासाठी काही विकरांची मोजणी आणि रक्तातील कॅल्शियम हेही लक्षणांनुसार पाहिले जाते.

अधिक तपासण्या म्हणजे अधिक ज्ञान नव्हे

अहवालातील प्रत्येक आकड्यासमोर ‘सामान्य मर्यादा’ छापलेली असते. निरोगी माणसांपैकी ९५ टक्के लोकांचे आकडे जिच्या आत येतात, ती ही मर्यादा, अशी साधारण व्याख्या आहे. याचाच अर्थ, पूर्ण निरोगी माणसांपैकी ५ टक्के लोक प्रत्येक तपासणीत मर्यादेबाहेर पडणारच. परस्परांशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या एका निरोगी माणसाच्या केल्या, तर निदान एक तरी आकडा ठळक अक्षरांत छापून येण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते. मग त्या आकड्याचा पाठलाग सुरू होतो, पैसे खर्च होतात, काळजी वाढते, आणि थकव्याचे खरे कारण तसेच राहते.

नेदरलँड्समध्ये सामान्य व्यवसाय करणाऱ्या डॉक्टरांकडे अस्पष्ट थकव्यासाठी आलेल्या रुग्णांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींची तपासणी लगेच करण्यात आली, तर काहींना चार आठवडे थांबण्यास सांगण्यात आले. थांबलेल्यांपैकी थोडेच परत आले. तसेच हीमोग्लोबिन, ई.एस.आर., साखर व टी.एस.एच. एवढ्या चारच तपासण्यांचा संच मोठ्या संचाइतकाच उपयुक्त ठरला. हा निष्कर्ष भारताला जसाच्या तसा लागू करता येणार नाही. जेथे निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आढळतात आणि क्षयरोग घरोघरी परिचयाचा आहे, तेथे चार आठवडे वाट पाहण्यापेक्षा पहिल्याच भेटीत सी.बी.सी. करणे श्रेयस्कर होय. तपासण्या मोजक्या व हेतुपूर्वक असाव्यात, हे तत्त्व मात्र दोन्ही देशांना सारखेच लागू आहे.

नमुना देतानाही काही पथ्ये पाळावी लागतात. लोहाची वा जीवनसत्त्वाची गोळी आधीच सुरू केली असल्यास ते सांगावे. केस व नखांसाठी घेतल्या जाणाऱ्या बायोटिन या जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने थायरॉइडच्या काही तपासण्यांचे आकडे चुकतात. तुलना करावयाची असेल तर शक्यतो एकाच प्रयोगशाळेत तपासणी करावी आणि जुने अहवाल जपून ठेवावेत. एखाद्याचे हीमोग्लोबिन दोन वर्षांत १५ वरून १३.२ वर आले असेल, तर अहवालात ते ‘सामान्य’ म्हणून छापले जाईल. पण त्या घसरणीला अर्थ आहे.

अहवाल निर्दोष असेल तेव्हा

अनेकांचे सर्व आकडे मर्यादेत येतात. अशा वेळी ‘तुम्हांला काही झालेले नाही’ असे सांगून रुग्णाची बोळवण केली जाते. शास्त्रीय दृष्ट्या हे विधान चुकीचे आहे. ज्या रोगांसाठी तपासणी केली ते बहुधा नाहीत, एवढेच अहवाल सांगतो. नैराश्य रक्तात दिसत नाही. झोपेत श्वास अडण्याचा विकार रक्तात दिसत नाही. काही जंतुसंसर्गांनंतर उरणारा, थोड्याशा श्रमाने दुसऱ्या दिवशी दुणावणारा आणि सहा महिन्यांहून अधिक टिकणारा थकव्याचा विकार हा खरा विकार असून त्याचे निदान करणारी रक्ततपासणी अद्याप उपलब्ध नाही. पहाटे सर्वांच्या आधी उठून रात्री सर्वांच्या नंतर आडवी होणारी आणि उरलेसुरले खाणारी गृहिणी का थकते, याचे उत्तरही प्रयोगशाळेत मिळत नाही. ते घरातील कामाच्या वाटणीत शोधावे लागते.

म्हणून निर्दोष अहवालानंतर रुग्णाचे म्हणणे नव्याने ऐकून घ्यावे, आणि थकवा टिकून राहिल्यास किंवा नवे लक्षण उद्भवल्यास तपासणी पुन्हा करावी. वजन घटत असेल, ताप हटत नसेल, शौचावाटे रक्त जात असेल, मानेत वा काखेत गाठ आली असेल, छातीत दुखत असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर मात्र वाट पाहण्यात एकही दिवस दवडू नये.

तपासणीत उणीव सापडली तर ती भरून काढावीच. पण ती का निर्माण झाली, हा दुसरा प्रश्न विचारल्यावाचून अहवालाची घडी घालून ठेवू नये. चहामळ्यातील स्त्री, निवृत्त मास्तर आणि शाकाहारी व्यापारी या तिघांचेही भवितव्य पहिल्या आकड्यापेक्षा या दुसऱ्या प्रश्नावर अधिक अवलंबून असते.